अल्ब्युमिन-सिलिका संकरित नॅनोकण: घडवण्याची आणि पारखण्याची रीत

सिलिकेचा गाभा आणि त्यावर प्रथिनाचे कवच असलेला संकरित नॅनोकण तयार करण्याची कृती फारशी अवघड नाही. स्वच्छ काचसामान, फ्यूम हूड, सेंट्रिफ्यूज आणि मोजकी रसायने असली, तर एम.एस्सी.चा विद्यार्थी आठवड्याभरात असा नमुना तयार करू शकतो. अवघड आहे ते त्यानंतरचे काम. बाटलीतल्या पांढुरक्या द्रवात सिलिका आणि प्रथिन खरोखर एकाच कणात आहेत की दोन्ही वेगवेगळे तरंगत आहेत, प्रथिन रासायनिक बंधाने जोडले गेले आहे की नुसते चिकटले आहे, आणि जोडलेल्या प्रथिनाची घडी शाबूत आहे की विस्कटली आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे पुराव्यानिशी द्यावी लागतात. औषधासाठी कण घडवणाऱ्याने ही उत्तरे कशी मिळवायची हे पहिली बाटली उघडण्यापूर्वीच ठरवलेले असावे, असे माझे ठाम मत आहे. म्हणून या लेखात कृती आणि पारख वेगळ्या न ठेवता शक्य तेथे बरोबरीने मांडल्या आहेत. उदाहरण म्हणून सुमारे १०० नॅनोमीटर व्यासाचा सिलिकेचा गाभा आणि त्यावर सहसंयुज बंधाने जोडलेले बोवाइन सीरम अल्ब्युमिन घेतले आहे.

हे दोन घटक का

अल्कोहोलमध्ये अमोनियाच्या साहाय्याने एकसारख्या आकाराचे सिलिकेचे गोल कण बनवण्याची पद्धत वेर्नर श्ट्योबर, आर्थर फिंक आणि अर्न्स्ट बोन यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केली, आणि आजही तीच पद्धत जगभर वापरली जाते. हे सिलिका अस्फटिकी असते. खाणकामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसाचा विकार होतो तो प्रामुख्याने क्वार्ट्झसारख्या स्फटिकी सिलिकेच्या धुळीमुळे, त्यामुळे दोहोंची गल्लत करू नये. तरीही कोरड्या अस्फटिकी भुकटीची धूळ नाकात जाऊ देणे हितावह नाही. पाण्यात अस्फटिकी सिलिका हळूहळू विरघळून सिलिसिक आम्ल बनते आणि ते मूत्रपिंडावाटे बाहेर टाकले जाते, हा त्याचा औषधातला मोठा गुण आहे. कॉर्नेल विद्यापीठात विकसित झालेल्या सिलिकेच्या अतिसूक्ष्म चमकत्या कणांना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये माणसांवरील पहिल्या चाचणीची परवानगी दिली, तेव्हापासून या क्षेत्राकडे पाहण्याची दृष्टी बदलली.

अल्ब्युमिन हे रक्तद्रवातले सर्वांत विपुल प्रथिन आहे. बोवाइन अल्ब्युमिनचा रेणुभार सुमारे ६६,४०० आहे, त्यात ५८३ अमिनो आम्ले असतात आणि त्याचा समविद्युत बिंदू, म्हणजे ज्या पीएचला एकूण प्रभार शून्य होतो तो, पीएच ४.७ च्या आसपास आहे. औषधाचे रेणू धरून ठेवण्याच्या ठरावीक जागा अल्ब्युमिनमध्ये असतात, आणि पॅक्लिटॅक्सेल अल्ब्युमिनला बांधून बनवलेले सुमारे १३० नॅनोमीटरचे औषध २००५ पासून अमेरिकेत कर्करोगावर वापरात आहे. कण रक्तात गेला की रक्तातली प्रथिने त्याच्यावर आपोआप थर चढवतात. तो थर कसा असावा यावर आधीच अल्ब्युमिन जोडून थोडेफार नियंत्रण मिळवता येते. सराव बोवाइन अल्ब्युमिनवर करावा, परंतु माणसासाठीच्या कणात मानवी अल्ब्युमिनच लागेल. रुग्णालयात मिळणाऱ्या मानवी अल्ब्युमिनच्या कुपीत कॅप्रिलेट आणि अॅसिटिल ट्रिप्टोफॅन ही स्थैर्यकारके मिसळलेली असतात आणि ती औषध धरण्याच्या जागाच अडवून बसतात. ती काढल्याशिवाय औषध बांधण्याचे प्रयोग करण्यात अर्थ नाही.

प्रथिन कणाच्या आतच का कोंडू नये, असा प्रश्न पडेल. श्ट्योबर पद्धतीतले इथेनॉल आणि अमोनिया प्रथिनाची घडी मोडतात, हे त्याचे सरळ उत्तर आहे. प्रथिन आतच हवे असेल तर वेगळा मार्ग आहे. टेट्रामिथॉक्सिसिलेनचे सौम्य आम्लात आधी जलविघटन करून ते पीएच ८ च्या फॉस्फेट बफरमधल्या लायसोझाइम या विकराच्या द्रावणात घातले, तर काही मिनिटांतच सिलिका तयार होते, कारण लायसोझाइमचा धन प्रभार सिलिकेच्या घडणीला चालना देतो. नाजूक विकर कोंडण्यासाठी हा मार्ग सुंदर आहे, परंतु त्यातून मिळणारे कण आकाराने मोठे आणि बहुधा एकमेकांना जुळलेले असतात. शिरेतून द्यायच्या औषधासाठी आकार आटोक्यात हवा, म्हणून येथे गाभा आधी आणि कवच नंतर असा क्रम निवडला आहे.

आधी कागदावरचे गणित

१०० नॅनोमीटर व्यासाच्या भरीव गोलाची घनता २ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरली, तर एका ग्रॅम सिलिकेचा बाह्य पृष्ठभाग सुमारे ३० चौरस मीटर येतो. अल्ब्युमिनचा एकेरी थर साधारणपणे प्रति चौरस मीटर दीड ते तीन मिलिग्रॅम भरतो. म्हणजे एका ग्रॅम सिलिकेवर ४५ ते ९० मिलिग्रॅम प्रथिन बसेल. यातला मधला आकडा ६० मिलिग्रॅम धरला, तर एका कणावर अल्ब्युमिनचे अंदाजे ५७० रेणू होतात.

हे गणित वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे, कारण पुढचे प्रत्येक मोजमाप त्याच्याशी ताडून पाहायचे आहे. भरीव १०० नॅनोमीटर कणांवर प्रति ग्रॅम ४०० मिलिग्रॅम प्रथिन बसल्याचे आकडे आले, तर तो एकेरी थर नाही. तेथे प्रथिनाच्या गुठळ्या साक्यात आल्या आहेत किंवा मोजणीत चूक आहे. तसेच अल्ब्युमिनच्या रेणूची सर्वांत मोठी बाजूही दहा-पंधरा नॅनोमीटरपलीकडे जात नाही, त्यामुळे एकेरी कवचाने कणाचा व्यास साधारण ८ ते २० नॅनोमीटरनेच वाढला पाहिजे. व्यास १०० वरून २५० वर गेला आणि त्याला कोणी 'कवच चढले' म्हटले, तर ते मान्य करू नये. कण एकमेकांना चिकटले आहेत.

गाभा तयार करणे

सुमारे १०० मिलि मिश्रणासाठी पुढील प्रमाण घ्यावे. ९० मिलि निर्जल इथेनॉल, २.८ मिलि शुद्ध पाणी आणि २५ टक्के अमोनियाचे द्रावण ३.७५ मिलि हे बूच लावलेल्या काचेच्या बाटलीत एकत्र करून २५ अंश सेल्सिअसला मॅग्नेटिक स्टररवर स्थिर होऊ द्यावे. मग ३.८ मिलि टेट्राइथाइल ऑर्थोसिलिकेट, ज्याला प्रयोगशाळेत सगळे टीईओएस म्हणतात, ते एकदम, पण नीट ढवळत असताना घालावे. या मिश्रणात टीईओएस ०.१७ मोलार, अमोनिया ०.५ मोलार आणि पाणी, अमोनियाच्या द्रावणातले धरून, सुमारे ३ मोलार होते. थोड्याच वेळात द्रवावर निळसर झाक येते आणि मग ते दुधाळ होते. रात्रभर ढवळत ठेवावे. संपूर्ण रूपांतर झाले तर सुमारे १ ग्रॅम सिलिका मिळते, आणि कणांचा व्यास १०० नॅनोमीटरच्या आसपास असतो.

'आसपास' हा शब्द येथे जाणीवपूर्वक वापरला आहे. आकार पाणी, अमोनिया आणि तापमान या तिन्हींवर अवलंबून असतो. अमोनियाची बाटली वारंवार उघडल्याने तिची तीव्रता घटते, म्हणून प्रमाणित आम्लाने अनुमापन करूनच तिचे प्रमाण ठरवावे. उघड्या बाटलीतले इथेनॉल हवेतले पाणी शोषून घेते. विकृतीकरण केलेले स्पिरिट वापरू नये. तापमान वाढले की कण लहान होतात, त्यामुळे ज्या प्रयोगशाळेत एप्रिल-मेमध्ये पारा ३५ च्या वर जातो तेथे पाण्याचे बाथ अनिवार्य आहे. नाहीतर हिवाळ्यातली आणि उन्हाळ्यातली बॅच वेगळी निघेल आणि कारण सापडणार नाही. टीईओएसची वाफ डोळ्यांना घातक असते, तेव्हा हे सर्व काम फ्यूम हूडमध्ये, चष्मा लावूनच करावे. ज्यांनी सोल-जेल रसायनशास्त्र हाताळले आहे, उदाहरणार्थ कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात, जेथे सिलिका एरोजेलवर दीर्घकाळ काम झाले आहे, त्यांना यात नवे काही वाटणार नाही.

कण १०,००० जी वेगाने १५ ते २० मिनिटे सेंट्रिफ्यूज करून तीन वेळा इथेनॉलने धुवावेत. प्रत्येक वेळी साका ध्वनिलहरींच्या बाथमध्ये पूर्ण सुटा होईपर्यंत थांबावे. कण ओव्हनमध्ये सुकवून भुकटीच्या रूपात ठेवण्याचा मोह टाळावा. सुकताना कणांमध्ये पक्के सिलॉक्सेन बंध तयार होतात आणि मग ते पुन्हा सुटे होत नाहीत. साठा इथेनॉलमध्येच ठेवावा, आणि त्यातले मोजून १ मिलि वजन केलेल्या कुपीत सुकवून त्यावरून साठ्याची तीव्रता काढावी. तीन कुप्यांची सरासरी घ्यावी. पुढच्या साऱ्या आकडेमोडीत 'प्रति ग्रॅम सिलिका' असा जो भाजक येणार आहे, तो या साध्या वजनावर उभा असतो.

पृष्ठभागाची तयारी

सिलिकेच्या पृष्ठभागावर दर चौरस नॅनोमीटरला पाचच्या जवळपास सिलॅनॉल गट, म्हणजे सिलिकॉनला जोडलेले हायड्रॉक्सिल गट, असतात. वरच्या ३० चौरस मीटरच्या हिशेबाने एका ग्रॅमवर ते सुमारे पाव मिलिमोल होतात. प्रथम अमिनो गट बसवण्यासाठी अमिनोप्रोपाइल ट्रायइथॉक्सिसिलेन, म्हणजे एपीटीईएस, प्रति ग्रॅम १५० ते २०० मायक्रोलिटर या प्रमाणात इथेनॉलमधल्या कणांत घालून रात्रभर ढवळावे आणि नंतर ७० अंशांवर दोन तास ठेवावे. अधिक घातल्याने अधिक गट बसतात असे नाही. जादा सिलेन स्वतःशीच जुळून सैल थर बनवते आणि तो नंतर प्रथिनासकट गळून पडतो. धुतल्यावर अमिनो गट आले की नाही हे निनहायड्रिनच्या जांभळ्या रंगावरून लगेच कळते.

आता निवडीचा प्रश्न येतो. अमिनो गट असलेल्या कणावर ईडीसी, म्हणजे कार्बॉक्सिल आणि अमिनो गट एकमेकांना जोडणारे रसायन, वापरून थेट अल्ब्युमिन जोडता येते आणि अनेक जण तसेच करतात, परंतु मी ते सुचवणार नाही. अल्ब्युमिनच्या एका रेणूवर कार्बॉक्सिल गटही पुष्कळ असतात आणि लायसिनचे अमिनो गटही पुष्कळ असतात. ईडीसी प्रथिनाच्या उपस्थितीत घातले की अल्ब्युमिनचे रेणू एकमेकांनाच जोडले जातात आणि कणाभोवती कवच होण्याऐवजी प्रथिनाचे जाळे तयार होते. ग्लुटाराल्डिहाइड वापरल्यावरही हीच अडचण येते, शिवाय त्याचा उरलेला अंश पेशींना विषारी ठरतो. त्यापेक्षा कणावरच कार्बॉक्सिल गट बसवावेत, ते कणावरच सक्रिय करावेत, जादा ईडीसी धुऊन टाकावे आणि त्यानंतरच प्रथिनाची गाठ घालून द्यावी.

त्यासाठी १०० मिलिग्रॅम अमिनो-कण दोनदा कोरड्या डायमिथाइल फॉर्मामाइडने धुऊन त्याच द्रावकाच्या १० मिलिमध्ये सुटे करावेत, १०० मिलिग्रॅम सक्सिनिक अॅनहायड्राइड घालून रात्रभर ढवळावे आणि मग इथेनॉल व पाणी यांनी नीट धुवावे. हे द्रावक त्वचेतून शरीरात जाते आणि यकृताला अपाय करते. हातमोजे आणि फ्यूम हूड यांत सवलत नाही.

प्रत्येक टप्प्यावर झीटा विभव, म्हणजे कणाच्या पृष्ठभागावरच्या प्रभाराचे माप, पीएचच्या तुलनेत मोजावे. हा पुरावा सर्वांत स्वस्त आहे आणि माझ्या मते सर्वांत बोलका आहे. नुसत्या सिलिकेचा समविद्युत बिंदू पीएच २ च्या आसपास असतो. अमिनो गट बसले की तो ८ ते ९ कडे सरकतो. सक्सिनिक अॅनहायड्राइडनंतर पुन्हा आम्ल बाजूला खाली येतो. आणि अल्ब्युमिन जोडल्यावर तो अल्ब्युमिनच्या स्वतःच्या, म्हणजे ५ च्या जवळ स्थिरावतो. एकाच पीएचला घेतलेला एकच आकडा ही गोष्ट सांगू शकत नाही, कारण पीएच ७.४ ला सिलिका आणि अल्ब्युमिन दोन्ही ऋण प्रभाराचेच असतात. मोजणी १० मिलिमोलार मिठाच्या द्रावणात करावी आणि वहीत विद्युतवाहकता नोंदवावी. या वक्राचा आणखी एक उपयोग आहे. अमिनो-कण तटस्थ पीएचजवळ गुठळ्या करतात म्हणून ते सौम्य आम्लात ठेवावेत, आणि अल्ब्युमिन-कण पीएच ५ जवळ कधीही नेऊ नयेत, हे त्यावरूनच उमगते.

प्रथिन जोडणे

कार्बॉक्सिल गट असलेले १०० मिलिग्रॅम कण पीएच ६ च्या ५० मिलिमोलार एमईएस बफरच्या १० मिलिमध्ये घ्यावेत. त्यात ईडीसी १० मिलिमोलार आणि एनएचएस (सक्रिय झालेला गट टिकवून धरणारे जोडरसायन) २५ मिलिमोलार होईल इतके ताजे विरघळवून घालावे, म्हणजे अनुक्रमे सुमारे १९ आणि २९ मिलिग्रॅम. १५ ते २० मिनिटे ढवळून लगेच सेंट्रिफ्यूज करावे आणि थंड एमईएसने एकदा धुवावे. सक्रिय झालेल्या पृष्ठभागावरचा ऋण प्रभार कमी होतो, त्यामुळे कण या टप्प्यावर सर्वांत जास्त चिकटतात. येथे वेळ दवडू नये. बफरची बाटली, प्रथिनाचे द्रावण, ध्वनिलहरींचे बाथ, सारे आधीच मांडून ठेवावे. ईडीसीची बाटली शीतकपाटातून काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये, अन्यथा आत दव धरून रसायन निकामी होते.

प्रथिनाचे द्रावण पीएच ७.२ च्या फॉस्फेट बफरमध्ये, १० मिलिला ३० मिलिग्रॅम मेदाम्लरहित अल्ब्युमिन, असे असावे. १०० मिलिग्रॅम सिलिकेवर एकेरी थराला सुमारे ६ मिलिग्रॅम लागते, म्हणजे हे पाचपट झाले. ट्रिस किंवा ग्लायसिनचा बफर चालत नाही, कारण त्यांचे अमिनो गट प्रथिनाच्या आधी जागा पटकावतात. सुटे केलेले सक्रिय कण थोडेथोडे करून प्रथिनाच्या ढवळत्या द्रावणात घालावेत. उलट क्रमाने, म्हणजे कणांमध्ये प्रथिन ओतल्यास, सुरुवातीच्या क्षणी एकेक प्रथिनरेणू दोन कणांमध्ये पूल बनतो. खोलीच्या तापमानाला दोन तास आणि नंतर ४ अंशांवर रात्रभर मंद ढवळत ठेवावे. उरलेले सक्रिय गट इथेनॉलअमाइनने बंद करून कण तीन ते चार वेळा फॉस्फेट बफरने धुवावेत आणि प्रत्येक वेळची निवळी वेगळ्या कुपीत ठेवावी. ती फेकणे म्हणजे अर्धा पुरावा फेकणे होय.

याच दिवशी, याच प्रथिनाने, दुसरी बाटली लावायची असते आणि तीच बहुतेक वेळा राहून जाते. तीत सर्व काही तसेच, फक्त ईडीसी आणि एनएचएस नाही. या बाटलीतल्या कणांवर जे प्रथिन सापडेल ते केवळ अधिशोषणाने चिकटलेले असेल. दोन्ही बाटल्यांतल्या कणांचा एक भाग १ टक्का एसडीएस या डिटर्जंटच्या द्रावणाने धुवावा. चिकटलेले प्रथिन त्याने सुटते, बंधाने जोडलेले सुटत नाही. दोहोंतला फरक हाच 'सहसंयुज बंध आहे' या विधानाचा आधार. ही तुलना नसेल तर ते विधान करू नये.

प्रथिन किती, आणि कसे

प्रथिन मोजण्याची रूढ रीत वजाबाकीची आहे: घातलेल्या प्रथिनातून निवळीतले प्रथिन वजा करायचे. परंतु ३० मिलिग्रॅम घालून ६ बसणार असतील, तर ३० च्या मोजणीतली केवळ ३ टक्के चूक ०.९ मिलिग्रॅम होते, आणि ती आपल्या उत्तरात १५ टक्के होऊन बसते. म्हणून वजाबाकीवर कधीच थांबू नये. धुतलेल्या कणांचा ठरावीक भाग ०.१ मोलार सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ३७ अंशांवर द्रव निवळेपर्यंत ठेवावा, म्हणजे सिलिका विरघळते, आणि मग बायसिंकोनिनिक आम्लाच्या चाचणीने ५६२ नॅनोमीटरला प्रथिन थेट मोजावे. तुलनेचे प्रमाणित नमुनेही त्याच अल्कलीत, तितकाच वेळ ठेवलेले असावेत. निवळीसाठी २८० नॅनोमीटरचे शोषण सोयीचे वाटते, पण उरलासुरला एनएचएसही त्या भागात शोषण दाखवतो. तेथे ५९५ नॅनोमीटरची ब्रॅडफर्ड चाचणी बरी. उलट एसडीएस असलेल्या धुवणात ब्रॅडफर्ड चुकते आणि बायसिंकोनिनिक चाचणी चालते. थेट मोजणी आणि वजाबाकी यांची उत्तरे जुळली, आणि ती प्रति ग्रॅम ४५ ते ९० मिलिग्रॅमच्या चौकटीत बसली, की पुढे जावे.

उष्माभारमिती, म्हणजे टीजीए, हा त्याचा तिसरा साक्षीदार. १५० अंशांपर्यंत पाणी जाते, सुमारे २०० ते ६०० अंशांच्या दरम्यान सेंद्रिय भाग जळतो आणि सिलिका उरते. मात्र एपीटीईएस आणि सक्सिनिल गटही याच टापूत जळतात, म्हणून प्रथिन जोडण्यापूर्वीच्या कणांचा वक्र वजा केल्याखेरीज आकडा काढू नये. अवरक्त वर्णपटातही अशीच दक्षता हवी. सिलिकेचे ठळक शोषण १०८० ते ११००, ८०० आणि ४६० प्रति सेंटिमीटरला दिसते. प्रथिनाचे अमाइड एक १६५० ला आणि अमाइड दोन १५४० ला. सिलिकेवर चिकटलेले पाणीही १६३०-१६४० ला दिसते, आणि आपण बसवलेल्या सक्सिनिल साखळीत स्वतःचा अमाइड बंध आहे. म्हणून १६५० चा नुसता उंचवटा दाखवून 'प्रथिन आले' असे म्हणणे अपुरे आहे. पाण्याचा अडथळा नसल्यामुळे १५४० च्या पट्ट्यावर अधिक भिस्त ठेवावी, आणि तोही कार्बॉक्सिल-कणांच्या वर्णपटाशेजारी ठेवूनच पाहावा.

घडी शाबूत आहे का हे पाहण्यासाठी वर्तुळाकार द्विवर्णता, म्हणजे डाव्या आणि उजव्या वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशाच्या शोषणातला फरक, वापरतात. अल्ब्युमिनमध्ये अल्फा-सर्पिल रचनेचे प्राबल्य असल्यामुळे २०८ आणि २२२ नॅनोमीटरला दोन दऱ्या दिसतात. कण प्रकाश विखुरतात आणि त्यामुळे वर्णपट विकृत होतो, म्हणून कमी तीव्रता, १ मिलिमीटरची कुवेट आणि तितक्याच नुसत्या कणांची पार्श्वभूमी वजा करणे, या तिन्ही गोष्टी पाळाव्यात. त्याला कार्याची जोड द्यावी. अल्ब्युमिन पॅरा-नायट्रोफेनिल अॅसिटेटचे मंद गतीने विघटन करते आणि तयार होणारा पिवळा रंग ४०५ नॅनोमीटरच्या आसपास मोजता येतो. तेवढ्याच मोकळ्या अल्ब्युमिनच्या तुलनेत कणावरच्या अल्ब्युमिनने किती काम केले, हे गुणोत्तर घडीबद्दल प्रामाणिक माहिती देते. उरलेले अमिनो गटही हा पदार्थ फोडतात, तेव्हा प्रथिनाविना कणांची तुलना येथेही हवीच.

आकार

गतिक प्रकाश-विकिरण, म्हणजे डीएलएस, सोपे आहे म्हणूनच फसवे आहे. विखुरलेल्या प्रकाशाची तीव्रता व्यासाच्या सहाव्या घातानुसार वाढते, त्यामुळे ३०० नॅनोमीटरचा एक पुंजका १०० नॅनोमीटरच्या ७२९ कणांइतका प्रकाश टाकतो. बहुविकिरणता निर्देशांक, म्हणजे कणांच्या आकारातल्या विषमतेचे माप, ०.२ पेक्षा वर गेला तर सरासरी व्यासाच्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. तीव्रता पुरेशी विरळ असावी, सुमारे ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलि, आणि द्रवाचे तापमान व चिकटपणा यंत्रात बरोबर भरलेले असावेत. गाभा, अमिनो-कण, कार्बॉक्सिल-कण आणि अल्ब्युमिन-कण यांचे चारही आकडे एका तक्त्यात मांडावेत. कुठे गुठळी झाली हे तक्ताच सांगतो.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात सिलिकेचा गाभा काळाभोर दिसतो आणि प्रथिन जवळजवळ दिसतच नाही. ते दिसण्यासाठी फॉस्फोटंगस्टिक आम्लाचे १ ते २ टक्के, तटस्थ केलेले द्रावण रंजक म्हणून वापरावे, म्हणजे गाभ्याभोवती काही नॅनोमीटरची फिकट कड दिसते. नमुना आयआयटी मुंबईच्या सैफसारख्या बाहेरच्या केंद्राला पाठवायचा असेल, तर रंजन हवे की नको हे अर्जात स्पष्ट लिहावे आणि गाभ्याचा बिनरंजित नमुनाही सोबत द्यावा. किमान २०० कण मोजून सरासरी आणि प्रमाण विचलन द्यावे. एक देखणे छायाचित्र पुरेसे नाही. सुकलेल्या जाळीवर दिसणाऱ्या पुंजक्यांवरून द्रवात गुठळ्या आहेत असा निष्कर्षही काढू नये, कारण थेंब सुकताना कण एकत्र येतातच.

रक्ताजवळ नेण्यापूर्वी

पेशींवरच्या प्रयोगाआधी एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातले ताप आणणारे विष, मोजावे. ते बहुधा सिलिकेतून नव्हे, तर अल्ब्युमिनच्या भुकटीतून आणि पाण्यातून येते. अल्ब्युमिन-कण ऑटोक्लेव्ह करता येत नाहीत, कारण प्रथिन गोठते, ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून १०० नॅनोमीटरचे कणही पुरते जात नाहीत. त्यामुळे काचसामान २५० अंशांवर अर्धा तास तापवून, बफर आणि प्रथिनाचे द्रावण आधीच गाळून, सुरुवातीपासून निर्जंतुक रीतीने काम करण्याला पर्याय नाही. चाचणीत ज्ञात प्रमाणात एंडोटॉक्सिन मिसळून त्यातले ५० ते २०० टक्क्यांच्या दरम्यान परत मिळते का ते पाहावे. न मिळाल्यास कण चाचणीत अडथळा आणत आहेत असे समजावे.

नुसत्या सिलिकेचे सिलॅनॉल गट तांबड्या पेशींची पटले फोडतात, आणि अल्ब्युमिनच्या कवचाने हा दोष किती कमी झाला हे रक्तविघटन चाचणीने दिसते. प्रचलित निकषानुसार २ टक्क्यांखाली विघटन नाही आणि ५ टक्क्यांवर विघटन आहे असे मानतात. एक सापळा मात्र लक्षात ठेवावा: सुटलेले हिमोग्लोबिन सिलिकेवर चिकटून कणांबरोबर खाली बसते आणि निवळी फसवी स्वच्छ दिसते. म्हणून ज्ञात हिमोग्लोबिन कणांबरोबर ठेवून किती हरवते ते आधी तपासावे. मानवी रक्तासाठी संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आधी घ्यावी लागते. औषधाच्या वाटेने पुढे जायचे असल्यास भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेली नॅनोऔषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे कामाच्या आरंभीच वाचावीत.

साठवण

तयार कण पीएच ७.२ च्या बफरमध्ये ४ अंशांवर ठेवावेत, गोठवू नयेत. शीतशुष्कन करायचे असेल तर ५ टक्के ट्रेहॅलोज घालून करावे आणि पुन्हा द्रवात घेतल्यावरचा व्यास आधीच्या व्यासाशी पडताळावा. दर आठवड्याला एक लहान भाग सेंट्रिफ्यूज करून निवळीत दोन गोष्टी मोजाव्यात: सुटलेले प्रथिन, आणि मॉलिब्डेटच्या निळ्या रंगावरून विरघळलेले सिलिका. अस्फटिकी सिलिका तटस्थ पाण्यात प्रति लिटर सुमारे १०० ते १२० मिलिग्रॅम विरघळते, म्हणून फार विरळ साठा ठेवला तर गाभाच हळूहळू झिजतो आणि त्याच्याबरोबर कवचाचे अँकरही सुटतात. प्रति मिलि १० मिलिग्रॅमच्या आसपासचा साठा त्या मानाने टिकाऊ राहतो. प्रयोगाच्या दिवशीच त्यातून हवे तितके विरळ करावे आणि विरळ केलेला भाग त्याच दिवशी संपवावा.